कपाट हलवलं तेव्हा

गजाने कपाटाला खांदा लावला आणि नागूला म्हणाला, आता तिरकं कर. नागूने वरचा कोपरा स्वतःकडे ओढला. जुनं लाकडी कपाट करकरत एका बाजूवर आलं, आणि त्याच्या तळाला ठोकलेली प्लायची फळी खिळ्यांसकट सुटून खाली पडली. तिच्यामागोमाग काहीतरी जड आणि मऊ फरशीवर आपटलं.

उज्वला दारात डब्यांची पिशवी घेऊन उभी होती. आधी तिला तो जुन्या कपड्याचा बोळा वाटला. मग बोळ्याला शेपूट दिसली. घूस होती, मांजराएवढी. पोट फुटलेलं होतं, कातडी ओली आणि काळीनिळी झाली होती, आणि फुटल्या जागी अळ्या रटरटत्या भातासारख्या वरखाली होत होत्या. तो वास नाकाला लागलाच नाही, सरळ घशात उतरला. गजा कपाट नागूच्या अंगावर सोडून मागच्या गॅलरीत पळाला आणि कठड्यावर वाकून ओकला.

नागूने कसंबसं कपाट भिंतीला टेकवलं. टेंपो त्याचा होता, गजा त्याचा पोऱ्या; अशी घरं त्याने बरीच हलवली होती. त्याने फक्त नाकावर बाही धरली.

"दादा, तळाला पोकळ हाय ह्याच्या," तो आतल्या खोलीकडे बघून म्हणाला. "आत शिरली नि तिथंच मेली."

उज्वलाचा नवरा मिलिंद बाहेर आला. त्याने पाहिलं, आणि मोरीतली सुपली आणली. घूस सुपलीत येईना, कातडी फरशीला चिकटून राहत होती. शेवटी त्याने जुन्या कॅलेंडरचं जाड पान खाली सरकवलं, सगळं सिमेंटच्या रिकाम्या गोणीत लोटलं, गोणीचं तोंड सुतळीने आवळलं आणि मागच्या जिन्याने नाल्याकडे घेऊन गेला. उज्वलाने फरशीवर फिनेल ओतलं. अळ्या फिनेलमध्ये एकदा आखडल्या आणि पडून राहिल्या. ती खराट्याने त्यांना मोरीकडे लोटत राहिली.

कपाट जिथे होतं, त्याच्या बाजूला फरशीवर पलंगाच्या पायांचे चार गोल डाग होते. पलंग सकाळीच सोडून खाली नेला होता. उशाकडचे दोन डाग कपाटापासून वीतभरावर होते.

त्या पलंगावर तिची सासू झोपायची. चंद्रभागा. सामान काढायला लागण्याआधीच मिलिंदने तिला हात धरून खाली नेलं होतं, आणि आता ती रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. वर काय सापडलं ते तिला कळायचा प्रश्न नव्हता.

उज्वलाला हायसं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली, पण तसं काही वाटलं नाही. राग आला, आणि तोही घुशीचा नव्हता. ती आजच सापडली याचा राग आला. कपाट न पालथं करता टेंपोत चढलं असतं तर काय बिघडलं असतं, असा विचार तिच्या मनात आला, आणि ती खराटा आणखी जोरात चालवायला लागली.

शिळफाट्याच्या या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या. वरची गच्ची दिवसभर तापायची आणि रात्रभर ती ऊब खाली सोडायची. यंदाचा मे असा आला की नळाचं पाणी पहाटेसुद्धा हात भाजेल इतकं गरम यायचं. नाल्यातल्या घुशी आणि उंदीर पाण्याच्या वासाने जिन्यावरून वर यायला लागले. मिलिंदने औषधाच्या वड्या आणून कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवल्या.

वास पहिल्यांदा आरोहीला आला. उज्वलाची मुलगी, आठ वर्षांची, आजीच्या कुशीत झोपणारी. औषध खाऊन काही मेलं असेल म्हणून त्यांनी सगळीकडे शोधलं. कपाटाच्या मागे विजेरी मारली, ओट्याखाली पाहिलं, माळा उतरवला. मोरीच्या जाळीपाशी एक बारकं उंदराचं पिल्लू मिळालं. ते टाकून दिलं, आणि संपलं असं धरून चालले. पण वास गेला नाही. उलट वाढला, आणि खोलीत शिरलं की पलंगाच्या दिशेने येतोय हे कुणालाही कळलं असतं.

चंद्रभागेला साखर होती. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या उजव्या अंगठ्याला ठेच लागली होती आणि ती जखम भरत नव्हती. दवाखान्यातला डॉक्टर पट्टी सोडून बघायचा आणि जखम सुकत आलीय म्हणायचा. उज्वलाला ते पटायचं नाही. तो तोंडाला मास्क लावून बसतो, त्याला काय कळणार, असं ती मिलिंदला म्हणाली होती.

चंद्रभागेला तोंडावर कुणी काही बोललं नाही. मिलिंदने फिनेलचा मोठा कॅन आणला. उज्वला उशाशी दिवसातून दोनदा अगरबत्ती लावायला लागली. आरोहीने आपली गोधडी दुसऱ्या भिंतीला नेली, आणि शाळेला सुट्टीच होती, म्हणून तिला मामाकडे धाडलं. रात्री दोघं नवराबायको गच्चीवर झोपायचे. चंद्रभागेला जिना चढवत नव्हता. ती खाली एकटी असायची, त्या खोलीत, त्या वासात.

मग एका सकाळी ती स्वतःच म्हणाली. चहाचा कप हातात होता. म्हणाली, माझ्या सासूचा पाय असाच गेला, मी तिचं सगळं केलंय, माणूस कुजाय लागलं की असाच वास येतो, मी ओळखते.

मिलिंद मान खाली घालून ऐकत राहिला. "काहीतरीच बोलतेस आई," एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. उज्वलाच्याही नाही. त्या दिवसापासून सगळ्यांनाच सोपं झालं. चंद्रभागा टँकरच्या पाण्याने दोन-दोनदा अंग धुवायला लागली, पट्टी भिजवून घ्यायला लागली. भाकरी अर्धी करून परत ठेवायची. पोटात कमी गेलं की वास कमी येईल, असं तिने शेजारणीला सांगितल्याचं उज्वलाच्या कानावर आलं. पदराच्या गाठीत ती डांबराच्या गोळ्या बांधून ठेवायची. आपलं ताट, आपला पेला तिने कुणी न सांगता वेगळा काढला.

उज्वला ते ताट घासायची तेव्हा श्वास धरून घासायची. धुतल्यावरही ते बाकीच्या भांड्यांत ठेवायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून ते गॅलरीत उन्हात पालथं असायचं. भात वाढताना वाफेबरोबर तोच वास वर येतोय असं वाटून तिने कितीदा तरी पान तसंच सोडलं होतं. कर्जतच्या फ्लॅटची किल्ली हातात आली त्या दिवशी ती मिलिंदला एवढंच म्हणाली होती, नव्या घरात मला हा वास नको.

मिलिंदने विचार करायला रात्रही घेतली नाही. तिथल्या तिथे चौक गावात राहणाऱ्या बहिणीला, भाग्यश्रीला, फोन लावला. आई थोडे दिवस तुझ्याकडे राहील म्हणाला, आणि का ते हळू आवाजात सांगितलं. तो इतक्या पटकन तयार झाला हे उज्वलाला तेव्हा बरं वाटलं होतं.

मिलिंद नाल्यावरून परत आला. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, दोनदा हुंगले, पुन्हा धुतले. मग रिकाम्या खोलीत तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"आईला काय बोलू नको," तो म्हणाला. "भाग्यश्रीला सांगून झालंय. तिनं जागापण केलीय. आता कुठं परत सगळं फिरवत बसायचं?"

उज्वलाने खराटा भिंतीला लावला.

"घर लागूं दे," तो म्हणाला. "मग आणू."

घर लागायला दोन दिवस पुरले असते, हे दोघांनाही माहीत होतं. आतली छोटी खोली आरोहीच्या अभ्यासाला, असं ठरलंही होतं. ते ठरवताना चंद्रभागेचं नाव निघालं नव्हतं. उज्वलाने मिलिंदकडे पाहिलं. त्याच्या मिशीवर घामाचे थेंब होते आणि तो ते जिभेने टिपत होता. तिला त्याची शिसारी आली. मग तिच्या लक्षात आलं की ती गप्प आहे, म्हणजे तिचंही हेच म्हणणं आहे.

ती हो म्हणाली.

सामान चढेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मिलिंद मोटारसायकलवर पुढे निघाला. गजा मागे गाद्यांवर ताडपत्रीखाली बसला. पुढे केबिनमध्ये नागू, मध्ये उज्वला आणि दाराशी चंद्रभागा. उज्वलाच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेल्या दोन तसबिरी होत्या, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. गिअर टाकताना नागूचा हात तसबिरींना लागत होता, म्हणून तिने त्या सासूकडे सरकवल्या.

"माझ्या मांडीवर नको गं," चंद्रभागा म्हणाली. "तूच धर."

ती दाराला अगदी चिकटून बसली होती, तोंड बाहेर काढून. हायवेवरून भट्टीच्या तोंडातून यावा तसा वारा येत होता. त्या वाऱ्यात तिचे डोळे मिटले जात होते, ओठ सुकून पांढरे पडले होते, पण तिने मान आत घेतली नाही. जखमेचा पाय तिने दाराच्या फटीशी नेऊन ठेवला होता. नागूने एकदा काच थोडी वर घ्या म्हणून सुचवलं, झळ लागेल म्हणाला. ती नको म्हणाली, अशीच बरी हाय.

उज्वला श्वास घेत राहिली. मुद्दाम, खोल. डिझेलचा वास होता, नागूच्या घामाचा होता, तापलेल्या रेक्झिनचा होता. सासूकडून डांबराच्या गोळ्यांचा येत होता आणि त्याच्याखाली दवाखान्यातल्या मलमाचा. बाकी काही नव्हतं. तिने पुन्हा हुंगलं. खरंच काही नव्हतं.

तरी खालापूर फाट्याच्या अलीकडे तिने पदर तोंडाशी घट्ट धरला. डोळ्यांसमोर त्या अळ्या आल्या, मग ते गॅलरीतलं पालथं ताट. तिने नागूचा दंड धरला. त्याने टेंपो कडेला घेतला. चंद्रभागेला आधी उतरावं लागलं, मग उज्वला उतरली आणि रस्त्याच्या कडेला, तापलेल्या खडीवर, सकाळचा चहा ओकून टाकला. वर मान करते तो चंद्रभागा टेंपोच्या मागच्या बाजूला, गाद्यांच्या दोऱ्या धरून उभी.

"नागू, मला मागं बसव," ती म्हणत होती. "त्या पोराला पुढं घे. तिला सोसत नाय. माझ्यापायी झालंय."

"मागं भाजून निघाल आजी," नागू म्हणाला. त्याने उज्वलाकडे पाहिलं. सकाळी काय पडलं ते त्याने पाहिलं होतं, आणि ती आता काही बोलेल असं त्याला वाटत असावं. उज्वलाने पदराने तोंड पुसलं.

"पुढंच बसा, आई," ती म्हणाली. "ऊन लागलंय मला."

ते खरंही होतं. तेवढ्यावर तिने भागवलं.

चौकला भाग्यश्रीचं घर हायवेपासून आत, नवऱ्याच्या गॅरेजच्या मागे होतं. मिलिंद आधीच पोचून पडवीत पंख्याखाली पाणी पीत बसला होता. भाग्यश्रीने आईला हात धरून उतरवलं, पण घरात नेलं नाही. घराला वळसा घालून मागच्या बाजूला नेलं. तिथे सिमेंटच्या टाकीला लागून पत्र्याची उतरती शेड होती. आधी तिथे टायर असायचे, त्यांचे काळे गोल भिंतीवर तसेच होते. खाली नवीन चटई होती, उशी होती, एक टेबलफॅन होता. पत्रा हातभर वर होता आणि त्यातून उष्णता थेंबथेंब गळावी तशी अंगावर येत होती. कोनाड्यात एक अॅल्युमिनियमची थाळी आणि एक पेला, दोन्ही नवे कोरे, स्टिकर न काढलेले.

भाग्यश्री वाईट नव्हती. ओशाळल्यासारखी ती म्हणाली, घरात मुलं आहेत, सासरे आहेत, म्हणून इकडे केलं. पंखा चांगला आहे. आणि तिने थाळी-पेला आईच्या हातात दिला.

उज्वलाने सासूला दर चौदा एप्रिलला आपल्या बापाचं सांगताना ऐकलं होतं. बाप बाजारच्या दिवशी हॉटेलाबाहेर उभा राहून चहा प्यायचा, त्याची कपबशी वळचणीला खोचलेली असायची, त्याची त्यानेच धुवायची. ते सांगताना चंद्रभागेचा आवाज चढायचा, बायका गप्प व्हायच्या. तीच चंद्रभागा आता ती थाळी उलटसुलट करून बघत होती.

"बरं केलंस येगळं काढलंस ते," ती लेकीला म्हणाली. "मी सांगणारच हुते."

उज्वलाने तोंड भिंतीवरच्या काळ्या गोलांकडे फिरवलं.

भाग्यश्री आईची पट्टी नीट करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिने एकदा पायाशी हुंगलं, मग पदराशी.

"दादा," ती म्हणाली, "वास तर कुठं येत नाय."

मिलिंद शेडच्या तोंडाशी उभा होता. त्याने पेल्यातलं उरलेलं पाणी जमिनीवर ओतलं. माती ते लगेच प्यायली.

"सकाळी ड्रेसिंग केलंय ना," तो म्हणाला. "म्हणून. दुपारनंतर येतो."

"हां," चंद्रभागा लगेच म्हणाली. "मलम लावलंय. मग सुटतो."

ती मुलाच्या मदतीला धावली होती. ते बघून उज्वलाला इतकं किळसवाणं वाटलं की सकाळची घूस त्यापुढे काहीच नव्हती. ती तिथल्या तिथे म्हणाली,

"घूस मेली होती. कपाटाखाली. आज सापडली. वास तिचा होता, आईंचा नव्हता."

टेबलफॅन मान हलवत एकेकाच्या तोंडावर गरम वारा टाकत होता. मिलिंदने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो पेला धरून उभा राहिला, आणि त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले. भाग्यश्री सावकाश उभी राहिली आणि भावाकडे बघायला लागली.

फक्त चंद्रभागा हसली.

"राहूं दे गं," ती म्हणाली. "माझं मन राखाया सांगतेस. मला का वाईट वाटतंय व्हय? वय झालं म्हंजी व्हायचंच."

उज्वलाने नागूला हाक मारली. तो शेडपर्यंत आला, पाण्याने भिजवलेला रुमाल डोक्यावर. तिने त्याला सांगायला सांगितलं. त्याने सांगितलं, एवढी मोठी होती, तळातून पडली, पोऱ्याला उलटी झाली, दादांनी गोणीत भरून नाल्यावर टाकली. चंद्रभागेने सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून मानही हलवली. मग म्हणाली की तू भला माणूस हायस, पण तुला हिनं आधीच पढवलंय. घूस मेल्याचा वास निराळा. आपण सासूचं सहा महिने केलंय, आपल्याला कळतं.

उज्वलाजवळ दाखवायला काही नव्हतं. गोणी नाल्यात होती. आणि त्याहून, इतके दिवस अगरबत्त्या तिनेच लावल्या होत्या. तिने आता तोंडाने काहीही सांगितलं तरी त्या अगरबत्त्या जास्त बोलत होत्या.

तिने चटईवरचं बोचकं उचललं.

"चला," ती म्हणाली. "घरी जायचंय."

"अगं, घर नवं हाय," चंद्रभागा म्हणाली. "वास लागंल घराला."

"लागूं दे."

मिलिंद म्हणाला, आता हे काय नवीन, ठरलंय ते ठरलंय. तो आवाज खाली ठेवून म्हणाला, बहिणीसमोर. उज्वला बोचकं घेऊन टेंपोकडे चालायला लागली होती. चंद्रभागेला कुणाचं ऐकावं कळेना, ती लेकीकडे बघायला लागली. भाग्यश्रीने आईच्या हातातली थाळी आणि पेला काढून घेतला, तिला उठवलं आणि टेंपोपर्यंत सोडायला आली.

कर्जतला, दहिवलीच्या पुढच्या त्या इमारतीत, सामान वर चढवेपर्यंत दिवस कलला. वीज गेलेली होती. नव्या रंगाच्या भिंती हाताला कोमट लागत होत्या. नागू आणि गजा गेले. उज्वलाने तसबिरी खिळ्याला लावल्या, खाली मेणबत्ती लावली, आणि तिघांनी हात जोडून वंदना म्हटली. चंद्रभागेने ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटली.

त्यानंतर ती तिथेच, जिन्याच्या मोकळ्या जागेत, गोणपाटावर बसली. उज्वलाने दोनदा आत बोलावलं. इथं वारा लागतो, ती म्हणाली. तिसऱ्यांदा बोलावल्यावर ती सरकत उंबऱ्यापर्यंत आली, पण जखमेचा पाय बाहेरच ठेवला.

वीज आली तशी मिलिंदने आंघोळ केली. बाहेर आला तो अंगात धुतलेला बनियन आणि गळ्याला पांढरी पावडर. नव्या घराच्या मधोमध उभा राहून त्याने चौफेर पाहिलं, आणि त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"वास येतोय ना कसला?" तो म्हणाला.

तो कुणाला उद्देशून बोलला नव्हता. पण डोळे आपोआप दाराकडे गेले. उंबऱ्यावर चंद्रभागेने पाय ओढून लुगड्याखाली घेतला. हात पदराच्या गाठीवर गेला.

वास येत होता. बंद घराच्या मोरीतून येतो तसला असेल, किंवा हॉलमध्ये उभ्या केलेल्या त्या कपाटाचाच असेल. उज्वला फरशीवर बसून भांड्यांचं पोतं सोडत होती. खरं काय ते एकदा सांगून झालं होतं, आणि त्याचं काय झालं तेही तिने पाहिलं होतं.

"माझा येतोय," ती म्हणाली.

मिलिंदने तिच्याकडे पाहिलं. "तुझा?"

"सकाळपासून घामानं चिंब हाय. वाटेत ओकले. ती सगळी घाण हातानं काढली. माझाच येतोय."

"मग अंघोळ कर की."

"करते."

पण ती मोरीकडे गेली नाही. पोतं तसंच टाकून ती दाराशी आली आणि उंबऱ्यावर सासूच्या अंगाला अंग लावून बसली. मिलिंद आतल्या खोलीत गेला.

चंद्रभागेने मान वळवून सुनेकडे पाहिलं. मग नाक जरा पुढे केलं, तिच्या खांद्याशी, आणि हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"होय गं," ती म्हणाली. "तुझाच हाय."

आणि बसल्या जागेवरून सरकत, पाय सांभाळत, ती उंबऱ्याच्या आत आली.